श्रीमंत महाराष्ट्र नेमका कुठल्या पत्त्यावर राहतो?

जीएसटीचे महिन्याचे आकडे आले की आमच्या घरच्या ग्रुपवर ते सगळ्यात आधी टाकतात नोएडाचे भावोजी. माझ्या नणंदेचे यजमान. नोकरीला म्हणून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. "महाराष्ट्र पुन्हा एक नंबर! तुमचं बरंय, पैशाचं राज्य," असं अगदी कौतुकाने लिहितात. बंगळुरूला असलेली माझी कॉलेजातली मैत्रीण बरोबर उलटं बोलते. तिच्या मते महाराष्ट्राचं आता काही खरं नाही, प्रकल्प सगळे गुजरातला चालले. दोघंही मनापासून बोलतात, दोघांच्याही हातात खरे आकडे असतात. तरी भोसरीत मी ज्या टेबलाशी बसते तिथून यातलं एकही चित्र दिसत नाही. आणि बाहेरच्यांच्या समजुतींची किंमत इथल्या माणसांना मोजावी लागते, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपांचे हिशेब बघते. जीएसटीचे रिटर्न, पगारपत्रकं, पीएफ, ईएसआय, पी.टी.ची चलनं. माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. त्यामुळे राज्याची दोन टोकं रोजच्या फोनवर भेटतात.

आधी भावोजींचा एक नंबर. चाकणला तयार झालेली गाडी केरळमधल्या विक्रेत्याला गेली, की त्यावरचा आयजीएसटी (राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरचा जीएसटी) भरणारी नोंदणी महाराष्ट्रातली असते. त्यामुळे महिन्याच्या तक्त्यात ती वसुली महाराष्ट्रापुढे दिसते. पण कर आहे उपभोगावरचा, म्हणून त्यातला राज्याचा हिस्सा शेवटी केरळला जातो. प्रत्यक्ष कराचंही असंच. देशातल्या प्रत्यक्ष कराचा एक तृतीयांशाहून जास्त भाग महाराष्ट्रातून जमा होतो, हे खरं आहे. पण खाण झारखंडात, कारखाना ओडिशात आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असलं, तर तो कर मुंबईच्या नावावर मांडला जातो. मुंबईचं मोठेपण मला नाकारायचं नाही. तिथली बंदरं, बँका, बाजार हे पिढ्यांच्या कष्टांतून उभं राहिलंय. मात्र वसुलीचा आकडा पैसा कुठून भरला गेला एवढंच सांगतो. तो कुणाच्या घरी राहिला हे त्यातून कळत नाही.

तो कुणाच्या घरी राहत नाही, हे मला पगारपत्रक करताना कळतं.

आमचे एक जुने ग्राहक आहेत, शॉपवर सगळे त्यांना काकाच म्हणतात. एका मोठ्या कारखान्यात टूलरूमला नोकरी करून मग स्वतःचं वर्कशॉप टाकलं. दोन लेथ, तीन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), बँकेचं कर्ज. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या एका मधल्या पुरवठादारासाठी ते बुश आणि ब्रॅकेट असे सुटे भाग करून देतात. बिल झालं की पुढच्या महिन्यात जीएसटी भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. पैसे येतात तीन-तीन महिन्यांनी, कधी चार. म्हणजे अजून हातात न आलेल्या पैशावरचा कर काका बँकेच्या सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जातून, भरतात आणि त्यावर व्याजही देतात. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, अशी प्राप्तिकराची तरतूदही लागू झाली. ती आल्यावर पुरवठादाराकडून काकांसमोर पर्याय असा आला की उद्यम नोंदणीचा (लघुउद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा) मुद्दा काढू नका, नाहीतर पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाईल. काका गप्प बसले. मीही त्यांना भांडा असं सांगू शकले नाही, कारण तिथे बारा माणसांचे पगार अवलंबून होते. हे वर्कशॉप राज्याच्या उत्पन्नात पूर्णपणे मोजलं जातं, आणि बाहेरून बघणाऱ्याला पुण्याचा वाहनउद्योग म्हणून जे दिसतं त्याचा बराचसा भार अशाच शेडवर आहे.

आता सरासरी. राज्याच्या आर्थिक पाहणीनुसार २०२३-२४ चं दरडोई उत्पन्न सुमारे २.७८ लाख रुपये. चार माणसांचं घर धरलं तर वर्षाला अकरा लाख. (यातही आपण पहिले नाही. तेलंगणा, कर्नाटक, हरियाणा, तमिळनाडू पुढे आहेत, हे भावोजींना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.) दुसरीकडे जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. अट अशी की संपूर्ण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. काकांच्याच शेजारच्या शॉपात डीबरिंग (भागांच्या कडा घासणं) आणि पॅकिंग करणाऱ्या बायकांचे अर्ज मी दुपारच्या सुट्टीत भरून दिले. आधार, बँक पासबुक, केशरी कार्ड. एकीच्याही घरी चारचाकी नव्हती, एकीच्याही घरात कुणी सरकारी नोकर नव्हता. राज्यभरात दोन कोटींहून जास्त बायकांना हे पैसे मिळू लागले. पुढे छाननीत नावं वगळली गेली, काही अर्ज खोटे निघाले, ते मान्य. तरीसुद्धा सरासरी घराचं उत्पन्न अकरा लाख सांगणाऱ्या राज्यात अडीच लाखांच्या आतल्या घरांतून कोटींनी बायका रांगेत उभ्या राहतात, आणि त्यातल्या कितीतरी पुणे जिल्ह्यातल्या असतात, हे पाहिल्यावर सरासरीवर माझा भरवसा उरला नाही. १,५०० रुपये कशाला वापरता, असं विचारलं तर उत्तरं यायची: गॅस, मुलाची व्हॅनची फी, सासूच्या बीपीच्या गोळ्या.

आणि हे पुण्यात. औशाला फोन लावला की दुसराच महाराष्ट्र बोलतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. माझ्या भावाने आडतीवर विकलं ४,१०० ला. सरकारी खरेदी केंद्रावर का नाही नेलं? तिथे आधी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती, नंतर ती १५ केली. पण तोवर रब्बीची पेरणी तोंडावर होती, बियाण्याची आणि कृषी केंद्राची उधारी होती. ज्याला थांबता येतं त्यालाच हमीभाव मिळतो. राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण आठवा-नववा हिस्सा, आणि २०११ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक काम करणारे शेतकरी किंवा शेतमजूर होते. माझ्या मते या दोन आकड्यांच्या मधल्या जागेतच महाराष्ट्राचं खरं दुखणं आहे.

त्या जागेतून निघालेली पोरं मला सदाशिव पेठेत दिसतात. भावाचा मुलगा, माझा भाचा, तिथे स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत पाच जण, सकाळी सातला अभ्यासिका, दोन वेळ मेस, वर टेस्ट सिरीज. सोयाबीनच्या त्या ४,१०० मधून त्याचे महिन्याचे पैसे येतात. नंदुरबार, हिंगोली, यवतमाळ, बीड, सगळ्या जिल्ह्यांची पोरं त्या गल्ल्यांमध्ये आहेत. २०२४ च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागांना सतरा लाखांवर अर्ज आले होते. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. "आत्या, यंदा होईल," असं तो म्हणतो तेव्हा मी त्याला दुसरा मार्ग सुचवत नाही. कारण मी सुचवेन ती नोकरी म्हणजे चाकणला ठेकेदाराकडे ट्रेनी, आणि तिथला पगार मीच दर महिन्याला कागदावर मांडते.

बंगळुरूच्या मैत्रिणीचंही सगळंच चूक नाही. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२४ च्या टिपणात देशाच्या जीडीपीतला महाराष्ट्राचा हिस्सा दशकभरात १५ टक्क्यांवरून १३ च्या आसपास आल्याचं म्हटलंय. तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं, तेव्हा त्यांच्यावर अवलंबून असलेल्या शॉपांची पगारपत्रकं निम्मी झाली. ते मी पाहिलंय. पण तिला आठवतो तो वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर चिपचा प्रकल्प. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला जाणार म्हणून केवढा गहजब झाला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेरच पडलं. तळेगावचा तो बंद कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला, ही बातमी तिच्यापर्यंत पोचलीच नाही. काकांना या मोठ्या येण्याजाण्यापेक्षा तळेगाव-चाकण रस्त्यावर टेम्पो किती वेळ अडकला याची चिंता जास्त असते, कारण माल उशिरा पोचला की दंड त्यांच्या बिलातून कापला जातो.

मी जी किंमत म्हणाले ती अशी. केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना देताना पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ४५ टक्के भार दिला तो राज्याचं दरडोई उत्पन्न सर्वांत श्रीमंत राज्यांच्या किती मागे आहे याला. हेतू चांगला आहे. बिहारला जास्त मिळावं, हे मलाही पटतं. काकांच्या शॉपवरची तीन पोरं गोपालगंजची आहेत, त्यांची गावं मला त्यांच्या बोलण्यातून माहीत आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के आले. पण त्या गणितात नंदुरबार आणि नरिमन पॉइंट एकच धरले जातात. गडचिरोलीतल्या आरोग्य केंद्राचा पैसा मुंबईच्या श्रीमंतीमुळे कमी होतो. आणि मग मुंबईची श्रीमंती तिथवर पोचवायची जबाबदारी आपल्याच राज्यावर उरते.

ती आपण किती पार पाडली, याचा हिशेब पुण्यातच झाला होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य अशा एकेका विषयात कुठला जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजलं आणि ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये प्रादेशिक असमतोलावर पुन्हा अहवाल दिला. मराठवाड्यातल्या माणसाला हे अहवाल आले एवढंच कळतं, त्यानंतर त्याच्या तालुक्यात काय बदललं ते सांगता येत नाही.

एकदा मात्र या राज्याने शहरातून गावाकडे पैसा नेऊन दाखवला होता. पगारपत्रकावर पी.टी.चे २०० रुपये कापले की नवी पोरं विचारतात, मॅडम हे काय? फेब्रुवारीत ३०० कापले की परत विचारतात. मी त्यांना काम बाजूला ठेवून सांगते. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची, लाल मिलोची (बाहेरून आणलेल्या लाल ज्वारीची) भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले तिने. त्या कामांतून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. देशाचा तसा कायदा यायला २००५ उजाडलं. आणि हमीच्या खर्चासाठी १९७५ मध्ये महाराष्ट्राने शहरातल्या नोकरदारांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. तोच हा पी.टी. गोपालगंजच्या एका पोराने ऐकून विचारलं, हा पैसा अजून तिकडेच जातो का? मी म्हटलं, जायला हवा, आणि किती जातो ते विचारायचा हक्क तुलाही आहे, तू भरतोस.

मार्चमध्ये अधिवेशनात अर्थसंकल्पाच्या आधी आर्थिक पाहणी मांडली जाते. ती मराठीत असते, कुणालाही वाचता येते, आणि त्यात जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो. राज्याची एकूण बेरीज भावोजी टाकतीलच. मी यंदा ग्रुपवर तो तक्ता टाकणार आहे, खालून वर वाचायचा म्हणून.