बाबांना का जमत नाही आणि मावशींना कसं जमलं?

मी ज्येष्ठ नागरिकांसाठी मोबाईलचा वर्ग घेते. वर्गाला येणाऱ्यांपेक्षा त्यांची मुलंच मला जास्त प्रश्न विचारतात. त्यातला एक ठरलेला: "बाबा बँकेतून निवृत्त झाले, व्याजाचे हिशेब अजून तोंडी करतात. मग पैसे पाठवायचं ॲप त्यांना का जमत नाही? कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना तर जमलं!" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुळात मावशींचं आणि बाबांचं काम एक नाही. मावशी पैसे घेतात, बाबांनी ते द्यावेत अशी तुमची अपेक्षा आहे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, काही दाबावंही लागत नाही. चुकण्याची जोखीम देणाऱ्याच्या डोक्यावर. मोबाईल नंबरातला एक आकडा चुकला आणि रक्कम भलत्याच्या खात्यात गेली, तर समोरच्याचा चांगुलपणा आणि बँकेतली तक्रार एवढंच हातात उरतं. जन्मभर दुसऱ्यांचे पैसे सांभाळलेल्या माणसाला हे आपल्याआधी दिसतं. त्यांच्या बँकेत चेकवरची सही जुळली नाही तर चेक परत जायचा, मोठ्या रकमेवर दुसऱ्याची नजर फिरायची. ॲपमध्ये तशी थांबायला जागाच नाही. त्यांच्या या सावधपणाला हट्ट म्हटलेलं मला अजिबात आवडत नाही.

नव्या तंत्राचा नाद असलेल्यांची गोष्ट वेगळी. यूपीआय 2016 सालचं, पण मोबाईलवरून झटपट पैसे पाठवणारी आयएमपीएस 2010 पासून होती. समोरच्याचा एमएमआयडी, म्हणजे बँकेने दिलेला सात आकडी ओळख क्रमांक, विचारून घ्यायचा, तो टाकायचा, मग पैसे जायचे. हौशी मंडळी ते आनंदाने करत. ॲप अडकलं की ते सोडवण्यातही त्यांना मजा येते. या गोष्टीने काय काय करता येतं, हे त्यांना बघायचं असतं. बाबांसारख्या घरच्या माणसाला मात्र आधी कळायला हवं असतं की बिघडलं तर कुणाला विचारायचं.

मावशींच्या गाडीवर क्यूआरचा स्टिकर आला तो नोटाबंदीनंतर. पण त्यावर भरवसा बसायला बराच काळ गेला, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. हात मेथीच्या पाण्याने ओले, फोन पिशवीच्या तळाशी, समोर चार गिऱ्हाइकं. बँकेचा मेसेज कधी लगेच येई, कधी उशिरा. कुणी स्क्रीन दाखवून "झाले हो मावशी" म्हणून निघून जाई. ती स्क्रीन आजची की कालची, हे त्या गर्दीत कोण तपासणार? मग पैसे जमा झाले की बोलणारा डबा (साउंडबॉक्स) आला. त्यात स्वतःचं सिमकार्ड असतं आणि रक्कम तो मराठीतही मोठ्याने सांगतो. देणारा ऐकतो, घेणारी ऐकते, मागे उभे असलेलेही ऐकतात. हातात कायम फोन असणाऱ्याला अशा डब्याची गरज कधी वाटली नसती. यूपीआयचे महिन्याचे व्यवहार ऑक्टोबर 2019 मध्ये पहिल्यांदा 100 कोटींवर गेले आणि ऑगस्ट 2025 मध्ये 2000 कोटींवर. ही वाढ नुसत्या हौशी लोकांच्या जोरावर होणारी नव्हे.

पण मावशींचंही सगळं सुरळीत आहे असं समजू नका. बऱ्याच गाड्यांवरचा क्यूआर मुलाच्या खात्याचा असतो. डबा दिवसभर रकमा सांगतो आणि संध्याकाळी बटव्यात काही नसतं. पहाटे मंडईत माल उचलायचा तर रोख लागते, ती मुलाकडे मागावी लागते. म्हणून एखादी मावशी "सुट्टे असतील तर तेच द्या" म्हणाली तर तिला मागासलेली समजू नका. आपल्या कमाईवर आपला हात असावा, एवढंच तिचं म्हणणं आहे. ते मला पूर्ण पटतं.

आता बाबांचं. त्यांना आधी पैसे पाठवायला लावू नका, तुम्ही त्यांना पाठवा. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर बँकेत जा आणि पासबुक भरून आणा. ती ओळ छापलेली दिसली की पैसे नक्की कुठून कुठे गेले ते त्यांना कळेल. मग ज्यात थोडीच रक्कम ठेवायची असं वेगळं खातं उघडा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. निवृत्तीची पुंजी फोनपासून लांब राहू द्या. पैसे मिळवण्यासाठी कुणी पिन टाकायला सांगितला तर तो चोर, हे एक वाक्य पाठ करून घ्या. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा. पहिला व्यवहार ओळखीच्या किराणा दुकानात करा, दुकानदार समोर असताना. आणि त्यांच्या हातातून फोन काढून घेऊन "द्या, मी करतो" असं म्हणू नका, कितीही वेळ लागला तरी.