एकट्या माणसासाठी ओव्हन कशाला?

एकदाचं सविस्तर लिहिते, कारण एक प्रश्न मला सतत विचारला जातो. "घरात एकटीच असतेस ना, मग सकाळी सकाळी एका वाटीसाठी ओव्हन लावून ओट्स कसले बेक करतेस, ब्रेडला काहीतरी लावायचं आणि निघायचं." विचारणारी माणसं मायेनेच विचारतात, पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, ती म्हणजे नीट शिजवलेलं गरम खाणं चार माणसं असली की करायचं आणि एकट्याने जे हाताला लागेल त्यावर भागवायचं. मला हे कधीच पटलं नाही. एकटं खायचं असलं तरी भूक तेवढीच असते ना!

आणि खरं सांगायचं तर खटाटोप असा काही नसतोच. गॅसवर ओट्स करायचे तर समोर उभं राहून ढवळावं लागतं, नाहीतर दूध उतू जातं. इथे सगळं एका वाटीत कालवायचं, ओव्हनमध्ये सरकवायचं आणि आंघोळीला जायचं, आपले हात लागतात ते जेमतेम पाच मिनिटं.

एकट्यासाठी बेक करताना लोक अडकतात ते मापात. रेसिपी असते सहा जणांची, दोन अंड्यांची, तिला सहाने भागायला गेलं की अंड्यापाशी गाडी अडते, कारण एक तृतीयांश अंडं घ्यायचं कसं? म्हणून मी उलटीकडून सुरुवात करते, एक अख्खं अंडं घ्यायचं आणि बाकी सगळं त्याच्या हिशोबाने. कवच सोडून मोठं अंडं साधारण 50 ग्रॅम भरतं, त्यात 40 ग्रॅम ओट्स आणि 100 मिली दूध छान धरलं जातं, पाव टीस्पून बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दोन टीस्पून साखर किंवा मध, थोडी दालचिनी आणि मूठभर मनुके. मीठ गाळू नका हं, त्याच्याशिवाय ओट्स पुठ्ठ्यासारखे लागतात. दूध संपलं असेल तर दीड-दोन टेबलस्पून दूध पावडर 100 मिली पाण्यात कालवली की काम होतं. म्हणजे बघा, अंडं सोडलं तर सगळं डब्यातलंच सामान. अंडं खात नसाल तर एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला, फुगणार कमी पण धरून ठेवतं नीट.

ओट्स चपटे, रोल्ड घ्या. ते वाफवून दाबलेले असतात म्हणून लवकर शिजतात, कापलेले जाड दाणे एवढ्या वेळात कच्चेच राहतील. कालवल्यावर ओव्हन तापेपर्यंतची दहा मिनिटं वाटी तशीच राहू द्या, ओट्स दूध पितात आणि मिश्रण घट्टसर होतं. ही दहा मिनिटं वगळली की वर दूध आणि तळाशी गाळ असा प्रकार होतो.

बेकिंग पावडरचं मला फार कौतुक आहे. 1843 साली इंग्लंडमधल्या अल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने ती बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हतं. म्हणजे मुळात एका माणसाला खाता यावं म्हणून झालेली वस्तू! डबा जुना असेल तर अर्धा टीस्पून गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली तर चांगली आहे, नुसती बुडून बसली तर नवीन आणा.

ओव्हन 180 डिग्री आणि वाटी साधारण 300 मिलीची, ओव्हनला चालणारी, आतून तेल किंवा लोण्याचा हात फिरवलेली. काठोकाठ भरू नका. लागतात 22 ते 25 मिनिटं, पण घड्याळापेक्षा वाटीकडे बघा. आधी कडा वाटीपासून किंचित सुटतात, मग वरचे ओट्स सोनेरी व्हायला लागतात, मनुके टम्म फुगतात, आणि सगळ्यात शेवटी मधला भाग वर येतो. मध्ये सुरी घालून बघा, दुधाळ पाणी दिसलं तर अजून तीन-चार मिनिटं, नुसतं ओलसर वाटलं तर लगेच बाहेर काढा, कारण चिनीमातीची वाटी बराच वेळ तापलेली राहते आणि तेवढ्या उष्णतेत मधलं आपोआप धरतं. वरचा तो खरपूस थर मायक्रोवेव्हमध्ये येत नाही, तिथे सगळं वाफेवरच शिजतं, आणि मला तर त्या थरासाठीच हे सगळं आवडतं.

एक मात्र मान्य, घरात मोठा ओव्हन असेल तर एका वाटीसाठी तो तापवणं मलाही जिवावर येतं. तेव्हा दोन वाट्या लावा, एक उद्यासाठी फ्रीजमध्ये. छोटा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर प्रश्नच नाही. एअर फ्रायरमध्येही होतं, फक्त तापमान 160-170 ठेवा आणि लवकर बघायला लागा, पंख्याच्या हवेने वरचा भाग पटकन लाल होतो.

रात्रीच कालवून ठेवलं तर चालेल का, असंही बरेच जण विचारतात. चालेल की, झाकून फ्रीजमध्ये ठेवा, चव उलट मुरते. फक्त बेकिंग पावडर सकाळी घाला, ओली झाली की तिचं काम लगेच सुरू होतं आणि सकाळपर्यंत बराचसा जोर निघून जातो. आणि रात्रभरात ओट्स बरंच दूध पितात, त्यामुळे सकाळी दोन चमचे दूध वरून घालून एकदा ढवळा.