परदेशी कोण जाणार, हे कोण ठरवते?

अमेरिकेतील भारतीयांची सुबत्ता ही आपल्या बुद्धिमत्तेची पावती आहे, असे मानण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. कोणत्या देशात कोणती माणसे पोहोचतात, हे त्यांच्या गुणांपेक्षा बरेचदा त्या देशाचा कायदा ठरवतो.

१९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला, तो खाणी आणि कारखाने चालवण्यासाठी. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात डॉक्टर उमेदवारांचे दात, छाती, रक्त, लघवी असे सारे तपासत; पदवीशी फारसे कर्तव्य नव्हते. हे ‘पाहुणे कामगार’ यथावकाश परततील, असे गृहीत धरले होते. १९७३ मध्ये भरती थांबली, तेव्हा एकदा मायदेशी गेलो तर पुन्हा जर्मनीत येता येणार नाही हे ओळखून अनेकांनी बायकामुलांनाच तिकडे बोलावून घेतले. कॅनडाने मात्र १९६७ पासून शिक्षण, वय, भाषा, व्यवसाय यांना गुण देऊन माणसे निवडली आणि साहजिकच तिथे पदवीधर जमले. (निवड पदवीवर झाली तरी काम पदवीचे मिळतेच असे नाही, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना हे विचारावे.) अमेरिकेत मेक्सिकोहून आलेले शेतमजूर आणि एच-१बी या उच्चशिक्षितांसाठीच्या कामाच्या व्हिसावरचे भारतीय अभियंते एकाच राज्यात भेटतात, कारण दोघे कायद्याच्या वेगवेगळ्या दारांनी आत आलेले असतात.

आपल्या शेजारचे उदाहरण याहून बोलके आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. त्या पासपोर्टवर युरोपीय संघाचे नागरिक म्हणून हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये गेले आणि स्विंडनसारख्या शहरात गोदामांत, कारखान्यांत कामाला लागले. त्यांना कोणी शिक्षण विचारले नाही की इंग्रजीची परीक्षा घेतली नाही. तेरेखोल नदीच्या दक्षिण तीरावरील, गोव्यातल्या केरीच्या तरुणाला आजोबांच्या जन्मनोंदीने जे मिळाले, ते उत्तर तीरावरील, महाराष्ट्रातल्या आरोंद्याच्या तरुणाला तितकेच कष्टाळू असूनही मिळणे शक्य नव्हते.

ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यामुळे ३१ डिसेंबर २०२० रोजी संघाच्या नागरिकांचा ब्रिटनमधील हा मुक्त संचार संपला. आधीपासून तिथे राहणाऱ्यांचे हक्क टिकले. पण नव्याने जाऊ पाहणाऱ्या केरीकरालाही आता आरोंदेकरासारखाच कामाचा व्हिसा काढावा लागतो आणि गोदामात माल उचलण्याच्या कामासाठी तो मिळत नाही.