तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोजचं अपडेट कायमचं बंद करून का देत नाही

"ते अपडेट एकदाचं बंद करून टाका ना, कायमचं." गिरगाव असो, परळ असो नाहीतर मुलुंड, कुणाच्याही घरी कॉम्प्युटर बघायला गेलो की चहा यायच्या आधी हे वाक्य येतं. फोनवर तर विचारूच नका, आणि ते फोन जास्त करून बुधवारी सकाळी येतात. त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सिक्युरिटी अपडेट सोडतं, त्यांच्याकडे पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, त्यांच्या थंडीत साडेअकरा. म्हणजे आपण झोपायला जातो आणि मशीनचं काम सुरू होतं, आणि सकाळी कुणाची तरी उघडी ठेवलेली फाईल गायब असते.

म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. मी अपडेट बंद करून देत नाही. रिस्टार्ट कधी होणार ते तुमच्या हातात देतो. माझ्या मते ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकांना खरा त्रास होतो तो दुसरीचा.

गिरगावात एका वाडीत आमचे अण्णा आहेत, डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम करतात, गणपती उठले की दिवाळी अंकांची पानं त्यांच्याकडे यायला लागतात. अण्णांचं काम रात्रीचं, दिवसा वाडीत आवाज फार. एकदा पहाटे तीनपर्यंत बसून त्यांनी चौदा पानांच्या दुरुस्त्या घातल्या, मशीन तसंच चालू ठेवून जरा आडवे झाले आणि सहाला उठून बघतात तर समोर लॉगिनचा स्क्रीन. मी पोचलो तेव्हा टेबलावर प्रुफं पसरलेली होती, लाल पेनाच्या खुणा केलेली, आणि अण्णा पहिल्या पानापासून एकेक वेलांटी, एकेक अनुस्वार परत घालत बसले होते. सेव्ह का नाही केलंत असं मी त्यांना विचारलं नाही. दिवसरात्र राबणाऱ्या माणसाला न विचारता त्याचं मशीन बंद करून चालू करायचा हक्क कुणालाच नाही असं मला मनापासून वाटतं, आणि ह्या बाबतीत तुमच्या रागात मी तुमच्या बाजूने आहे.

पण मग बंदच का नाही करायचं? कारण मी करून बघितलंय.

२०१५-१६ मधे विंडोज १० फुकट मिळत होतं आणि विंडोज ७ वाल्यांच्या स्क्रीनवर रोज त्याचा बॉक्स यायचा. लोक घाबरले होते, रात्रीत आपलं विंडोज बदलेल, प्रिंटर चालणार नाही, मराठी फॉन्ट उडतील. शिवाय तेव्हा बऱ्याच घरात नेट म्हणजे डोंगल, महिन्याला मोजून डेटा, आणि हे अपग्रेड काही जीबीचं. तेव्हा विंडोज ७ मधे सरळ 'नेव्हर चेक फॉर अपडेट्स' असा पर्याय होता, मी तो निवडायचो, लोक खूश, मी पण खूश. कुणाकडे काय केलं ते लिहायला माझ्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, त्यात अशा मशीनसमोर मी छोटी फुली मारायचो.

१२ मे २०१७, शुक्रवार. संध्याकाळपासून बातम्या यायला लागल्या, इंग्लंडमधली हॉस्पिटलं बंद पडतायत, स्क्रीनवर लाल खिडकी, फाईल परत हव्या असतील तर ३०० डॉलर बिटकॉइनमधे भरा. वॉनाक्राय, फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो आत शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्यात त्याला त्या भोकातून शिरता येत नव्हतं. अडकलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. मी वही काढली आणि फुल्या मोजल्या. सव्वीस.

त्यात भीती वाढवणारी एक खास मुंबईची गोष्ट होती. बऱ्याच बिल्डिंगांमधे तेव्हा नेट केबलवाल्याचं होतं, जिन्यात नाहीतर गच्चीवर त्याचा नेटवर्कचा स्विच, म्हणजे नेट वाटणारा डबा, लावलेला, आणि तिथून प्रत्येक घरात एक निळी वायर. राउटर कुणी घेतलेला नसायचा, वायर थेट कॉम्प्युटरमधे. मग 'नेटवर्क' उघडलं की तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींचं मशीन दिसायचं, समोरच्या विंगमधल्या कुणाचं तरी फोल्डर पण उघडायचं. वॉनाक्राय पसरत होता तो नेमका ह्या फाईल शेअर करायच्या वाटेने, कुणी काही क्लिक करायची पण गरज नव्हती. एक मशीन लागलं की त्याच स्विचवरची बाकीची रांगेत उभी. म्हणजे मी एखाद्या काकूंच्या मशीनसमोर फुली मारली तेव्हा ती फक्त त्या काकूंची राहिली नव्हती, अख्ख्या जिन्याची झाली होती.

शनिवार-रविवार पेन ड्राइव्हवर पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, घेऊन फिरलो. जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे त्याला अपडेट देणं, २०१४ लाच संपला होता तरी त्या शनिवारी मायक्रोसॉफ्टने त्याच्यासाठी पण पॅच काढला, त्यावरून काय ते समजा. परळला एका क्लासच्या बाईंकडे रविवारी रात्री साडेनऊला पोचलो, मुलांचे पेपर, मार्क, दहा वर्षांचे सगळे त्या एकाच हार्ड डिस्कवर, बॅकअप कुठेही नाही. मी पहिली गोष्ट काय केली तर नेटची वायर काढली. मग पॅच टाकला, मशीन परत चालू होईपर्यंत त्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो, कारण ते दार उघडं मी ठेवलं होतं. माझ्या सव्वीसपैकी एकही लागलं नाही, ते नशीब. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, इतर वाटांबरोबर तेच भोक वापरणारा, आणि इथे समोर न्हावा-शेवाला जेएनपीटी बंदरातल्या मेर्स्क ह्या जहाज कंपनीच्या टर्मिनलचं काम अडकलं. तेव्हापासून वहीत फुली मारणं बंद.

आता दुसरी बाजू. अपडेटने कधीच नुकसान होत नाही असं मी सांगणार नाही, कारण ते खोटं आहे. ऑक्टोबर २०१८ मधे विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाईलच पुसल्या गेल्या, मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरमधे दुरुस्त करून परत सोडावं लागलं. म्हणून माझ्या माणसांना मी सांगतो, पहिल्या दिवशी घेऊ नका, आठवडाभर थांबा, काही घोळ असेल तर तेवढ्यात बोंब होतेच. आठवडा थांबणं वेगळं आणि दोन वर्षं न घेणं वेगळं.

थांबायचं कसं ते सोपं आहे. सेटिंग्जमधे विंडोज अपडेट उघडलं की 'पॉज' दिसतं, विंडोज ११ मधे एक ते पाच आठवडे निवडता येतात, मी एकच आठवडा निवडतो. पाच आठवडे संपले की मात्र आधी साचलेलं घ्यावं लागतं, मगच परत पॉज करता येतं. तिथेच अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधे 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' आहेत, ह्या वेळात विंडोज स्वतःहून रिस्टार्ट करत नाही, जास्तीत जास्त अठरा तास देता येतात. आणि हे आपोआप ठरवायला सोडू नका, मॅन्युअल करा. अण्णांचे मी संध्याकाळी सहा ते दुपारी बारा असे ठेवलेत, उरलेले सहा तास अण्णा जेवून झोपलेले असतात, मशीनने तेव्हा काय करायचं ते करावं. रिस्टार्ट लागणार असेल तेव्हा कळवा असं एक बटण पण तिथेच आहे, ते चालू करा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवत असाल तर त्या वायफायला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा, बरीचशी डाउनलोडं थांबतात, फक्त अधूनमधून घरच्या वायफायला जोडत जा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीमधून असं पण करता येतं की डाउनलोडच्या आधी तुम्हाला विचारेल. विंडोज होममधे ते नाही.

आणि सर्व्हिसेसमधे जाऊन विंडोज अपडेट डिसेबल करायचा जो व्हिडिओ तुमचा भाचा दाखवतो, ते फार दिवस टिकत नाही, विंडोजमधे अपडेट मेडिक म्हणून दुसरी सर्व्हिस असते तिचं कामच मुळी ते परत चालू करायचं. त्यासाठी कुठलंतरी अनोळखी सॉफ्टवेअर तर अजिबात डाउनलोड करू नका, चोरापासून वाचायला चोरालाच किल्ली दिल्यासारखं आहे ते. तसंच ब्राउझरमधे 'तुमचं विंडोज अपडेट करा' असं काही उघडलं तर बंद करा, खरं अपडेट फक्त सेटिंग्जमधे असतं.

मशीन स्लो होतं ही तक्रार मात्र बहुतेक वेळा अपडेटची नसते, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची असते. अपडेट चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्क १०० टक्क्यावर चिकटलेली दिसेल. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून एक एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणून टाकली की तीच माणसं मला विचारतात की अपडेट यायचं बंद झालं का.

एका मशीनचं अपडेट मात्र मी खरंच बंद ठेवलंय, आणि ते पण अण्णांचंच, दुसरं, कोपऱ्यातलं. त्यावर पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर आहे, वीस वर्षांच्या फाईल त्यातच उघडतात. त्या मशीनची नेटची वायर मी काढून नेली, वायफाय नाहीच, फाईल पेन ड्राइव्हने जातात आणि तो आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन होतो. नेट नाही तर अपडेट नाही, ह्याला माझी ना नाही. पण त्याच मशीनवर बँक पण हवी, मेल पण हवं आणि अपडेट मात्र नको, ते मी करून देणार नाही.

अजून विंडोज १० वर असाल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. "बरं झालं, आता कटकट नाही" असं मला दोघातिघांनी सांगितलं आणि माझ्या डोळ्यासमोर परत ती वही आली. वाढीव सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केलात तर त्याचे पैसे पण पडत नाहीत, विंडोज अपडेटच्याच पानावर नोंदणीची लिंक असते, तेवढं आज करून घ्या. मग विंडोज ११ चालेल का ते बघू, साधारण आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल असेल तर नाही चालत.

आणि मला फोन करायच्या आधी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत विनव्हर (winver) टाइप करून एंटर मारा आणि जे येईल ते वाचून सांगा. होम आहे की प्रो, दहा आहे की अकरा एवढं कळलं तर बाकीचं आपण फोनवरच करू, मला यायची पण गरज नाही.