सुई टोचल्यानंतर : हिपॅटायटिस बी आणि उसनी प्रतिकारशक्ती

खानापूरच्या एका लहान खासगी दवाखान्यात मी परिचारिका आहे. सलाईन लावताना रुग्णाने हात झटकला आणि रक्ताची सुई माझ्या बोटात शिरली. बोट न पिळता साबण-पाण्याने धुतले, डॉक्टरांना सांगितले आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. रुग्णाचा हिपॅटायटिस बीचा अहवाल पॉझिटिव्ह आला.

प्रशिक्षणकाळात मी लसीचे तिन्ही डोस घेतले होते. पण ती लस अंगी लागली की नाही, हे त्या वेळी कोणी तपासले नव्हते. बेळगावहून टायटरचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूशी लढणाऱ्या प्रतिपिंडांच्या पातळीचा, अहवाल आला, तो १० पेक्षा कमी होता. १० किंवा अधिक असता, तर या आजारापुरते काहीच करावे लागले नसते. संरक्षण नसलेल्याला अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, एचआयव्हीची जेमतेम ०.३ टक्के, तरी आमच्या वॉर्डात सगळे धास्तावतात ते एचआयव्हीलाच.

अशा वेळी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत, फार तर ७ दिवसांत द्यावे लागते. खानापुरात ते मिळाले नाही. बेळगावहून बर्फात ठेवून आणवले. महागडे इंजेक्शन आहे. ते एका दंडात आणि लसीचा नवा पहिला डोस दुसऱ्या दंडात, असे एकाच वेळी घेतले.

घरी सासूबाईंनी कावीळ समजून गावठी औषधाचा आग्रह धरला आणि माझे ताट वेगळे काढले. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही, तो रक्तातून, शरीरसंबंधांतून आणि आईकडून बाळाला होतो, हे त्यांना डॉक्टरांनीच समजावले. आम्ही नवरा-बायकोने मात्र शेवटच्या तपासणीपर्यंत निरोध वापरला.

दुसऱ्या डोसनंतर लगेच टायटर करून पाहावा, असे एका सहकारिणीने सुचवले. डॉक्टरांनी नकार दिला, कारण इम्युनोग्लोब्युलिनमधली उसनी प्रतिपिंडे काही महिने रक्तात राहतात आणि तोवरचा चांगला टायटर आपला स्वतःचा नसतो. सहाव्या महिन्यात विषाणूच्या पृष्ठभागाचे प्रतिजन आणि गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे, दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या, म्हणजे मला संसर्ग झाला नव्हता. त्याच वेळी तिसरा डोस घेतला आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी केलेला टायटर १० च्या बराच वर निघाला.

यापुढे सुई टोचली तरी हिपॅटायटिस बीसाठी इंजेक्शनाची गरज नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीच्या तपासण्या मात्र कराव्याच लागतील, असे डॉक्टरांनी माझ्या कागदावर लिहून दिले आहे.