घासून न जाणारा काटा

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावण्याचे काम आमच्या घरात आत्याकडे असे, आणि माझे दंड तिच्या हाती आले की उटणे बाजूला राहून नुसते घासणेच सुरू होई. “केवढा मळ साठवलाय पोरीनं, किसणीवरनं हात फिरवल्यागत लागतंय,” असे म्हणत ती दंडाच्या मागच्या बाजूला इतका जोर लावी की दुपारपर्यंत नव्या फ्रॉकच्या फुग्याच्या बाह्या तिथे झोंबू लागत. मळ काही निघत नसे. तो निघणे शक्यच नव्हते, कारण तो मळ नव्हता. पण हे कळायला मला वयाची एकोणतिशी गाठावी लागली, आणि तोवर वज्री, मसुराचे पीठ, खडे मीठ घातलेले खोबरेल तेल आणि शेवटी नायलॉनची जाळी हे सगळे माझ्या दंडांवरून फिरून गेले होते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दंडांच्या मागच्या आणि बाहेरच्या बाजूला, मांड्यांवर, काहींच्या कुल्ल्यांवर आणि लहान मुलांच्या गालांवरही राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा बारीक अशा फुटकुळ्या दाटीवाटीने उठलेल्या असतात. त्या दुखत नाहीत, त्यांत पू नसतो, खाजही बहुतेक वेळा येत नाही किंवा अगदी किरकोळ येते. नुसते पाहिले तर थंडीने अंगावर काटा आला आहे असे वाटावे. फरक इतकाच की खरा काटा क्षणात बसतो आणि हा बारा महिने उभा राहतो. हाताला मात्र तो रव्यासारखा लागतो, आणि म्हणूनच घरातल्या बायकांचा हात फिरला की पहिला संशय अंघोळीवर जातो.

कॉलेजात असताना एका सुट्टीत मी वडिलांचे पेपर वाचायचे भिंग घेऊन खिडकीच्या उजेडात दंड न्याहाळला होता. प्रत्येक फुटकुळीच्या मधोमध एक पांढुरकी, टोकदार खुंटी होती. नखाने अलगद उचलल्यावर त्यातली एक निघाली, आणि तिच्या खाली घड्याळातल्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला एक बारीक केस सरळ होत वर आला. मला त्या क्षणी फार मोठा शोध लागल्यासारखे वाटले, आणि पुढचे दोन महिने मी मिळेल त्या वेळेला खुंट्या उपटत बसले. त्या उद्योगाचे तपकिरी डाग जायला पुढे दोन वर्षे लागली.

या अवस्थेचे नाव केरॅटोसिस पिलॅरिस. ग्रीक भाषेत ‘केरास’ म्हणजे शिंग आणि लॅटिनमध्ये ‘पिलुस’ म्हणजे केस, आणि मी भिंगातून पाहिलेल्या गोष्टीचे याहून नेमके वर्णन होणार नाही. शिंगे, खुर, नखे आणि केस ज्या केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे बनतात त्याचाच आपल्या त्वचेचा वरचा थरही बनलेला असतो. एरवी या थरातल्या मेलेल्या पेशी आपल्याला न कळत झडून जातात. केरॅटोसिस पिलॅरिसमध्ये केसाच्या मुळाच्या तोंडाशी त्या झडण्याऐवजी साचत जातात, त्यांचे बूच बनते, आणि खालून उगवणारा केस वाट न मिळाल्यामुळे आतल्या आत वेटोळे घालतो. बुचाभोवती थोडा दाह होतो. गोऱ्या कातडीवर तो लाल दिसतो, आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतो. हा संसर्ग नव्हे, तो कोणाकडून कोणाला लागत नाही आणि स्वच्छतेशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

संबंध असतो तो आईबापांशी. आईकडून किंवा वडिलांकडून, दोघांपैकी एकाकडून आला तरी तो मुलांत उतरू शकतो, मात्र एकाच घरातल्या भावंडांत त्याचे प्रमाण कमीजास्त असते. ज्यांची कातडी मुळात कोरडी आहे, ज्यांना लहानपणी इसब किंवा दमा होता, अशांमध्ये तो अधिक आढळतो. त्वचेतला ओलावा धरून ठेवायला मदत करणारे फिलाग्रिन नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातला दोष अशा काही लोकांत सापडतो, पण सगळ्यांत नाही. किशोरवयातल्या निम्म्याहून अधिक मुलांना आणि प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना तो कमीअधिक प्रमाणात असतो, असे आकडे सहसा दिले जातात. ते वाचल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती, कारण वर्गातल्या इतक्या जणींच्या दंडांवर हेच होते तर आम्ही प्रत्येकीने ते एकटीने का लपवले?

माझ्याकडे तो वडिलांकडून आला. वाळवा तालुक्यात आमचा ऊस आहे आणि वडील आयुष्यभर अर्ध्या बाह्यांच्या बंडीत वावरले. त्यांचे दंड माझ्यापेक्षाही खडबडीत आहेत. पण पुरुषाची राठ कातडी ही कष्टाची खूण मानली जाते आणि मुलीची राठ कातडी हा तिच्या निगेचा दोष मानला जातो, त्यामुळे त्यांच्या दंडांकडे साठ वर्षांत कोणी ढुंकून पाहिले नाही आणि माझ्या दंडांवर मात्र प्रत्येक लग्नकार्यात कोणी ना कोणी बोट ठेवले. कोणी उष्णता म्हणाले, कोणी पोट साफ नसेल म्हणाले, एका काकूंनी लग्नानंतर आपोआप जाईल असे ठामपणे सांगितले.

माझ्या हातून झालेली खरी चूक मात्र घासण्याची नव्हती. पुण्यात नोकरीला लागल्यावर मी एका औषधाच्या दुकानात दंड दाखवला आणि काउंटरवरच्या माणसाने, चिठ्ठी न विचारता, एक ट्यूब काढून दिली. तिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीवरचे औषध आणि प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र होते. आठवडाभरात लाली गेली, कातडी मऊ वाटू लागली आणि मी त्या माणसाला मनोमन दुवा दिला. ट्यूब संपताच सगळे दुपटीने परतले, म्हणून दुसरी आणली, मग तिसरी. चौथ्या महिन्यात दंडावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ दिसू लागली आणि आतल्या शिरांचे जाळे उमटले, तेव्हा मी घाबरून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. स्टेरॉइडची मलमे अशी चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने नियम कडक केले. ती आजही कशी सहज मिळतात हे प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यावर जाऊन पाहावे.

डॉक्टरीणबाईंनी दंडावरून दोन बोटे फिरवली, एक लहानसे दिव्याचे भिंग लावून पाहिले, घरात आणखी कोणाला आहे का ते विचारले आणि अर्ध्या मिनिटात नाव सांगितले. रक्ततपासणी नाही, त्वचेचा तुकडा काढणे नाही. मी घेत असलेल्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. ‘अ’ जीवनसत्त्व आणि काही आवश्यक मेदाम्ले कमी पडली की कातडी अशीच खरबरीत होते, हे खरे आहे, पण तो विकार निराळा. त्याला फ्रायनोडर्मा म्हणतात, त्यातल्या गाठी मोठ्या आणि काळपट असतात, त्या कोपर आणि गुडघ्यांवर ठळक दिसतात आणि तो कुपोषित मुलांत आढळतो. पोटभर जेवणाऱ्या बाईने आपल्या मनाने या गोळ्या चालू ठेवल्या तर यकृताला इजा होऊ शकते आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो.

त्यानंतर त्यांनी जे वाक्य सांगितले त्यावर माझा सगळा पुढचा उपचार उभा आहे: “हे बरं होत नाही, हे सांभाळायचं असतं.” औषध चालू आहे तोवर कातडी गुळगुळीत राहते, थांबवले की काही आठवड्यांत बुचे पुन्हा बसतात. वय वाढते तसा अनेकांचा त्रास आपोआप कमी होतो, पण त्याची हमी कोणी देत नाही.

सांभाळण्याची सुरुवात घासणे सोडण्यापासून झाली. जोरात घासल्याने बूच निघत नाही, उलट दाह वाढतो आणि सावळ्या कातडीवर डाग गडद होतात. वर्षानुवर्षे नायलॉनच्या जाळीने पाठ आणि दंड घासणाऱ्यांच्या कातडीत तर अमायलॉइड नावाचे द्रव्य साठून कायमचे करडे पट्टे उमटलेले डॉक्टरांना दिसतात. जाळी त्याच दिवशी कचऱ्यात गेली. कढत पाण्याची अंघोळ कोमट पाण्यावर आली (हे मला सर्वांत जड गेले, डिसेंबरात अजूनही जाते), आणि फेसाळ साबणाऐवजी सौम्य, बिनवासाचा साबण आला.

मग मलम. मला पहिल्यांदा १० टक्के युरियाचे क्रीम मिळाले. युरिया हा आपल्या त्वचेतल्या नैसर्गिक ओलाव्याचाच एक घटक आहे. कमी प्रमाणात तो पाणी धरून ठेवतो आणि २० टक्क्यांच्या आसपास गेला की साचलेले केरॅटिन सैल करू लागतो. सुट्टीला गावी गेले असताना वडिलांनी ट्यूबवरचे नाव वाचले आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “आम्ही युरिया उसाला घालतो, तू अंगाला चोळतेस? पोतं आहे की गोठ्यात, कशाला पैसे घालवतेस?” त्यांना समजावून सांगितले, आणि इथेही सांगते, की रसायन एकच असले तरी खताच्या पोत्यातला युरिया कातडीसाठी शुद्ध केलेला नसतो.

दोन महिन्यांनी त्या क्रीमच्या जोडीला १२ टक्क्यांचे अमोनियम लॅक्टेटचे लोशन आले. त्यातले लॅक्टिक आम्ल म्हणजे आपल्या दह्याताकात असते तेच. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे बंध ते सैल करते. आजी दंडांना दही-बेसन लावायची ते म्हणजे अगदीच खुळचटपणा नव्हता तर, फक्त दह्यात हे आम्ल जेमतेम एक टक्का असते आणि बेसनाने पुन्हा घासणे आलेच. उसापासून मिळणारे ग्लायकॉलिक आम्लही याच कुळातले, आणि सॅलिसिलिक आम्लही बुचे सोडवायला वापरतात. ही आम्ले ओरखडलेल्या किंवा नुकतेच वॅक्सिंग केलेल्या कातडीला झोंबतात, आणि लॅक्टिक, ग्लायकॉलिक लावलेला भाग उन्हाला लवकर रापतो, म्हणून बाहेर पडताना तिथे सनस्क्रीन लागते. रेटिनॉइडची, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातली, मलमे पुढची पायरी आहेत. मी ती सहा आठवडे लावली, कातडी सोलपटली, सोडून दिली. गरोदर बायकांनी ती लावायची नसतात. लेझरने लाली कमी होते असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खर्चही सांगितला, आणि तो विषय तिथेच संपला.

माझ्या अनुभवाने सांगायचे तर औषध कोणते यापेक्षा ते केव्हा लावले याला अधिक महत्त्व आहे. अंघोळीनंतर पंच्याने अंग चोळून न पुसता नुसते टिपायचे, आणि कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत लोशन लावायचे. दार उघडून बाहेर येईपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून बाटली न्हाणीतच साबणाच्या फळीवर ठेवते. सहा आठवड्यांनी एकदा पोळ्या लाटताना पदर खोचायला हात मागे गेला, बोटे दंडाला लागली, आणि ती थांबली नाहीत. रवा गेला होता.

मध्ये तीन वर्षे बदली रत्नागिरीला होती. तिथल्या दमट हवेत दुसऱ्याच पावसाळ्यात दंड इतके नितळ झाले की मी लोशन बंद केले आणि आपण बऱ्या झालो असे बहिणीला फोन करून सांगितले. पुण्याला परतल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या कोरड्या थंडीत, पंधरा दिवसांच्या आत, सगळे जागच्या जागी हजर. बहीण अजूनही तो फोन विसरलेली नाही.

आता माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि गेल्या हिवाळ्यात तिच्या दंडांवर तो उतरला. तिला तूर्त नुसते साधे मॉइश्चरायझर आणि आठवड्यातून काही दिवस सौम्य युरिया, एवढेच डॉक्टरांनी सांगितले आहे. तिला त्याचे काही वाटत नाही, ती बिनबाह्यांचा टॉप घालून खेळायला जाते; मीच दारात उभी राहून तिच्या दंडांकडे बघते आणि मग जीभ चावते.

या दिवाळीत आम्ही गावी होतो. आत्या आता पंचाहत्तरीची आहे, तरी उटण्याची वाटी तिच्याच हातात होती. नात पाटावर बसली तेव्हा मी शेजारी उभी राहून सांगितले की नुसते लावायचे, चोळायचे नाही, तो मळ नाही. आत्याचा हात दंडावर फिरला, थांबला, आणि तिने पलीकडे बंडी काढून आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या माझ्या वडिलांकडे पाहिले. मग उठून त्यांच्या दंडावरूनही एकदा हात फिरवला. “अरे, तुझंच आहे हे,” ती म्हणाली, “मग मी हिला एवढी वर्षं कशाला घासली?” वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र माझ्या पिशवीतली युरियाची ट्यूब त्यांच्या खाटेच्या उशाला सापडली, झाकण नीट न लावलेली.