आमची वाटचाल : अभ्रे, वेबसाइट आणि मावशी

आम्ही दोघी बहिणी उशांचे अभ्रे आणि चादरी शिवून विकतो. सुरुवातीला ऑर्डर फोनवर यायच्या, वहीत उतरवायच्या, शिवून झालं की कुरिअर. पसारा वाढला तशी वेबसाइट हवी झाली. ओळखीतल्या एकाने स्वस्तात करून दिली. दिसायला देखणी, आम्ही खूश.

ऑर्डर मात्र येईनात. लोक अभ्रे कार्टमध्ये टाकायचे आणि निघून जायचे. आम्ही खापर आधी किमतीवर फोडलं, मग रंगांवर, मग लोकांच्या चोखंदळपणावर. भाव दोनदा उतरवले, ते आठवलं की अजून जीव जळतो.

एकदा मावशी आली होती. तिला म्हटलं, तुझ्या फोनवरून एक अभ्रा मागवून दाखव. पहिलं पान उघडेपर्यंत तिचा चष्मा पुसून झाला, कारण कॅमेऱ्यातले पाच-पाच एमबीचे फोटो आम्ही तसेच चढवले होते. मापं बघायला दुसऱ्या पानावर गेली, परत आली तर कार्ट रिकामं. कार्टमध्ये काय टाकलंय ते लक्षात राहावं म्हणून नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्येच कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद, शोधून काढली होती. आमचं कार्ट त्याच्याही आधीच्या काळातलं. मावशीने ते पुन्हा भरलं. पत्ता लिहिला, मोबाइल नंबर लिहिताना सवयीने मध्ये जागा सोडली, बटण दाबलं. काहीच होईना. चूक सांगणारी लाल ओळ पार वर, स्क्रीनबाहेर. ती सापडेपर्यंत लिहिलेला पत्ता गायब. तिसऱ्या खेपेला तिने फोन माझ्या हातात ठेवला : "तुला हे विकायचंय ना गं नक्की?"

वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय की पाच जणांना वापरायला बसवलं तरी बहुतेक अडचणी कळतात. आमच्या एकट्या मावशीनेच इतक्या दाखवल्या की बाकी चौघांना बोलवायचा धीर झाला नाही.

जिव्हारी लागलं ते पैशांचं. एका बाईंचा फोन आला, "अहो, पैसे दोनदा कापले गेले आणि ऑर्डर एकही दिसत नाही." आमच्याकडेही त्यांचं नावनिशाण नव्हतं. दोन दिवस मी त्यांनाच स्क्रीनशॉट मागत बसले. नवीन प्रोग्रामरने उलगडा केला : पैसे भरल्यावर ग्राहकाचा ब्राउझर परत आमच्या साइटवर आला तरच ऑर्डर नोंदली जायची. मध्येच नेट गेलं की पैसे गेलेले, ऑर्डर नाही; मग माणूस पुन्हा बटण दाबणारच. आता पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेकडून, थेट आमच्या सर्व्हरला येतो आणि एका ऑर्डर क्रमांकावर दुसऱ्यांदा पैसे घेतलेच जात नाहीत. त्या बाईंचे पैसे परत केले, वर अभ्रेही पाठवले. त्यांनी पुढे काही मागवलं नाही.

बाकीची डागडुजी पटापट झाली. फोटो हलके केले, खातं उघडायची सक्ती काढली, नंबर कसाही लिहिला तरी चालतो.

हल्ली दर महिन्याला आमच्यातली एक जण घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवरून स्वतःच्याच साइटवर खरेदी करते, पैसे भरून, एकच अभ्रा. गेल्या महिन्यात कूपनचा रकाना बिघडलेला निघाला. घरातल्या एकाही उशीचा अभ्रा मात्र आता दुसरीशी जुळत नाही.